सुगतची नळी

चांगुणा पुसेगावच्या सासरहून डोंगरकड्याला परत आली, ती कोणाशी भांडून आली नव्हती. लग्नाला बरीच वर्षं झाली, कूस उजवली नाही, नवऱ्यानं दुसरी बायको केली. नवी आली तशी चांगुणा चुलीपासून ओसरीवर आणि ओसरीवरून गोठ्यात सरकत गेली. मग एके दिवशी कोणी जा म्हणायच्या आत तिनं आपणच गाठोडं बांधलं आणि एस.टी.त बसली. "तिथं मपलं काय राहिलंय आता," एवढंच तिनं आईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन बायांसोबत निंदायला गेली.

घर बौद्धवाड्यात, रस्त्याच्या खालच्या अंगाला. घरात म्हातारी आई सोजराबाई, धाकटा भाऊ शेषराव आणि त्याची बायको मालन. शेषराव ईसापूरच्या धरणावर कामाला होता. सुट्टीच्या दिवशी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि पहाटेच्या गाडीनं परत जायचा. त्यामुळं घर तसं तिघी बायांचंच. नणंद कायमची माहेरी आली की भावजयीच्या कपाळाला आठी पडायचीच, असं वाड्यातल्या बाया धरून चालल्या होत्या. मालनच्या कपाळाला ती पडली नाही. मालन वयानं लहान, हसरी, जरा वेंधळी. भाकरी करपली की आपणच हसायची. "अक्का, तुमी आल्या तवापासून मला मपलं माहेर आठवत न्हाई," असं ती म्हणाली होती. चांगुणाला बोलणं जमायचं नाही, म्हणून तिनं मालनच्या डोक्याला तेल लावून दिलं.

त्याच सुमारास हिंगोलीत आपल्या समाजाच्या मुलींसाठी एक वसतिगृह सुरू झालं होतं. तिथल्या गंगूताईंना स्वयंपाकाला बाई पाहिजे होती. चांगुणा जाऊन भेटून आली. स्वयंपाकघरामागं एक खोली होती, तिला आतून कडी होती. ती कडी चांगुणानं दोनदा लावून बघितली. जन्मात तिला स्वतःची खोली मिळाली नव्हती. गंगूताई म्हणाल्या, "दिवाळी झाली की या." पण मालनला दिवस गेले होते, ते दिवाळीच्याच सुमारास भरणार होते. चांगुणानं निरोप धाडला, भावजयीचं बाळंतपण उरकलं की येते.

बाळंतपण काही उरकलं नाही. मालन अडली. सुईणीनं तिचे सगळे उपाय केले आणि शेवटी हात टेकले. कळमनुरीकडं निघालेला एक ट्रक हात करून थांबवला. कळमनुरीत म्हणाले, इथं जमणार नाही, हिंगोलीला न्या. हिंगोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मालनच्या अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. पोरगं झालं, ते रडलं नाही. त्याला उलटं धरलं, चोळलं, तोंडातलं काढलं, तेव्हा कुठं ते म्हशीच्या रेडकासारखं जराकसं हुंकारलं. मालनला तेवढाही आवाज ऐकू आला का नाही, कोण जाणे. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मालनला गावाकडं नेलं. लेकरापाशी कोणीतरी थांबायला पाहिजे होतं, म्हणून चांगुणा थांबली. भावजयीची माती तिनं पाहिली नाही. मालन गेली हे पुढं कितीतरी दिवस तिला निव्वळ ऐकल्यासारखं वाटत राहिलं.

लेकराला दूध ओढता येत नव्हतं. तोंडात बोंडलं दिलं तर ते तसंच धरून राहायचं. चमच्यानं दिलं तर ठसका लागून ओठ निळे पडायचे. म्हणून नाकातून एक बारीक रबरी नळी पोटापर्यंत सोडली होती आणि गालावर चिकटपट्टीनं डकवली होती. सिस्टर दर थोड्या वेळानं यायची, नळीच्या तोंडाला काचेची पिचकारी लावायची, वरून दूध ओतायची. दूध आपलंआपण खाली उतरायचं. लेकराचं तोंड हलायचं नाही, गळा हलायचा नाही. पोट मात्र भरायचं. चांगुणा खाटेच्या पायथ्याशी बसून ते बघायची. असं जेवण तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिकडचं सगळं आटोपून शेषराव आला. सोबत सोजराबाई आणि चुलते जळबानाना. दवाखान्यात पद्मजाबाई म्हणून डॉक्टरीण होत्या, तरुण, परभणीकडच्या. त्या सगळ्यांना व्हरांड्यात घेऊन गेल्या. बसायला बाकडं होतं, पण कोणी बसलं नाही.

"शेषराव," त्या म्हणाल्या, "बाळाला जन्मताना फार वेळ हवा मिळाली नाही. त्याच्या मेंदूला मार बसलाय. गिळणं त्याला येत नाही. तोंडात घातलेलं दूध पोटात जायचं ते छातीत जातं."

"मंग ही नळी किती दिस ठेवायची?"

"ते मला सांगता येत नाही. कदाचित कायमची."

"चालंल का त्ये? बोलंल?"

पद्मजाबाईंनी मान हलवली. "मला नाही वाटत. मान धरली तरी पुष्कळ."

शेषराव जमिनीकडं बघत राहिला. धरणावर दगड उचलणारा माणूस, पण त्या वेळी त्याचे हात नुसते लोंबत होते.

"दोन वाटा आहेत," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "नळी ठेवून बाळाला घरी न्यायचं. मग घरात कोणीतरी पाहिजे, जी त्याला दिवसा-रात्री नळीनं दूध देईल. एक वेळही चुकवून चालणार नाही. नळी बदलायला इथं यावं लागेल. असं करून तो काही वर्षं जगेल. किंवा नळी काढायची, जवळ घ्यायचं, चमच्यानं जेवढं थेंबभर जाईल तेवढं द्यायचं. मग तो फार दिवस राहणार नाही. यातलं काय करा, हे मी सांगू शकत नाही. मी सांगितलं तरी ते मला घरी न्यायचं नाहीये."

जळबानाना वयस्क माणूस. दीक्षा घेतल्यापासून वाड्यात त्यांचा शब्द चालायचा. ते घसा खाकरून म्हणाले, "बाई, माय गेली त्याची. त्याच्या जीवाला इतकी तकलीफ काहून द्यायची? जाऊ द्या त्याला मायमागं."

"नाना, लेकरू हाये त्ये," सोजराबाई म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. तिचं रडणं तेवढंच होतं. त्यात होय नव्हतं, नाही नव्हतं.

"पाजायचं कोणी?" नाना म्हणाले. "म्हातारी तर बसली की उठू शकत न्हाई. शेषराव धरणावर."

सगळ्यांची नजर फिरून चांगुणावर येऊन थांबली.

चांगुणाला त्या घडीला राग आला. कोणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तरी सगळं तिलाच विचारत होते. कडीच्या खोलीची आठवण तिला आली आणि त्या आठवणीची लाजही वाटली. मालनला जाऊन आठवडा झाला नव्हता.

"अक्का," शेषराव म्हणाला, "तू म्हणशील तसं."

"मी काहून? बाप तू हायेस."

"बाप मी हाये. पर मी काय करून राहिलो? मी शनवारी येतो न् सोमवारी जातो. मी व्हय म्हणलं तरी त्ये तुलाच करावं लागंल, न्हाई म्हणलं तरी तुलाच त्याच्यापाशी बसावं लागंल." त्याचा आवाज फुटला. "मला तोंड न्हाई तुला सांगायला."

पद्मजाबाई म्हणाल्या, विचार करा, घाई नाही. त्या आत गेल्या.

विचार कोणी फारसा केला नाही. जळबानाना बसस्टँडवर चहाला गेले, शेषराव व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिला. सोजराबाई भिंतीला टेकून पेंगायला लागली. दोन मरणांच्या मध्ये सापडलेल्या माणसांना झोपसुद्धा कुठंही लागते. चांगुणा लेकरापाशी परतली.

दुपारी ते झालं. लेकराच्या अंगाला मधूनच झटका आल्यासारखं व्हायचं, हात ताठ व्हायचे. तसाच हात वर गेला, बोटं चिकटपट्टीत अडकली आणि नळी सरसर निघून आली. चांगुणा धावत सिस्टरकडं गेली. सिस्टर आली, नळी उचलली, दुसरी उकळलेली नळी आणायला वळली आणि दारातच थांबली.

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय, तुमचं काय ठरतंय ते विचारल्याशिवाय आता नवी नको." तिनं चांगुणाकडं पाहिलं. "घालू का?"

चांगुणानं लेकराकडं बघितलं. त्याचा चेहरा तिनं पहिल्यांदाच उघडा पाहिला. आत्तापर्यंत अर्धा गाल चिकटपट्टीखाली होता. आता तिथं लाल चौकोन उमटला होता आणि त्याच्या शेजारी मालनचं नाक होतं. हनुवटीही मालनचीच, मधोमध दबलेली. इतके दिवस ते नुसतं दवाखान्यातलं लेकरू होतं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

ती थांबली आणि लेकराची पाजायची वेळ टळली. आधी ते नुसतं ओठ चाळवीत राहिलं. मग रडायला लागलं. त्याचं रडणं मोठं नव्हतं, दाराच्या बिजागरीसारखं बारीक, थांबून थांबून. चांगुणानं त्याला मांडीवर घेतलं, थोपटलं, करंगळी दुधात बुडवून ओठाला लावली. ठसका लागला, ओठ निळसर झाले, तिनं घाबरून उभं धरलं. परत रडणं. त्याला वाटांचं काही माहीत नव्हतं. त्याला भूक लागली होती.

शेषराव दारात येऊन उभा राहिला. सोजराबाई जागी झाली. "अगं, काहीतरी कर की," ती म्हणाली, जसं काही चांगुणाच्या हातात दूध आहे आणि ती देत नाही.

आणि खरंच तसंच होतं.

"घाला," चांगुणा सिस्टरला म्हणाली.

पुढं कितीदा तरी तिला वाटायचं, की ते आपण प्रेमानं म्हणालो का नुसतं ते रडणं सोसवेना म्हणून. तिला ते कधी वेगळं काढता आलं नाही. भुकेल्या लेकराला मांडीवर घेऊन जे ठरवलं, ते ठरवलंच नव्हतं असंही तिला कधी कधी वाटायचं. पण 'घाला' हा शब्द तिच्याच तोंडून गेला होता, हे खरं.

सिस्टरनं तिला शिकवलं. दूध ओतायच्या आधी नळीचं बाहेरचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवायचं. बुडबुडे आले तर नळी पोटात नाही, छातीत आहे, दूध घालायचं नाही. लेकराचं डोकं उंच ठेवायचं. पिचकारी दाबायची नाही, दूध आपल्या वजनानं उतरू द्यायचं. शेवटी थोडं उकळलेलं पाणी. पहिल्यांदा चांगुणाचा नेम चुकला आणि दूध लेकराच्या कानात गेलं. सिस्टर हसली नाही. "परत करा," म्हणाली.

घरी आणलं तेव्हा वाडा बघायला लोटला. नाकात नळी असलेलं लेकरू कोणी पाहिलं नव्हतं. कोणी हळहळलं, कोणी पोरांना डोळे झाकायला सांगितलं. एकीनं विचारलं, "चव कळती का वं त्याला?" त्या प्रश्नावर चांगुणा पुष्कळ दिवस विचार करत राहिली. मग ती पाजायच्या आधी दुधाचं बोट त्याच्या जिभेवर नुसतं टेकवायला लागली, गिळायला नाही, कळायला. तो जीभ हलवायचा.

त्याचं नाव सुगत ठेवलं. शेषरावनं ठेवलं, पण हाक मारायची पाळी चांगुणाचीच.

वसतिगृहात दुसरी बाई लागल्याचं तिला गावात आलेल्या एका मास्तरांकडून कळलं. तिनं "बरं झालं" म्हटलं आणि दूध चुलीवरून उतरवलं. शेळी पाळली होती, तिचं दूध पाणी घालून उकळायचं, गाळायचं, कोमट करायचं. नळी धुवायची, पिचकारी उकळायची. सुगतला पाजायचं, उभं धरून फिरायचं, परत झोपवायचं, तोवर पुढच्या वेळेची तयारी. निंदणं सुटलं, लग्नं-कार्यं सुटली. झोप म्हणजे मधल्या फटीत पडलेली डुलकी. माणसं विचारायची, "कसं हाये लेकरू?" चांगुणा कशी आहे हे विचारायची पद्धत नव्हती.

नळी बदलायच्या दिवशी एस.टी.नं हिंगोली. खिडकीशी बसून सुगतला पोटाशी धरायचं. गाडीतले लोक आधी नळीकडं बघायचे, मग तिच्याकडं, मग बाहेर. एकदा कंडक्टर म्हणाला, "मावशी, पोराला काय झालं?" ती म्हणाली, "जेवतो तसा." कंडक्टरला काही कळलं नाही. तिला जास्त सांगायचा कंटाळा आला होता.

सुगत वाढला, म्हणजे लांब झाला. मान धरली नाही. हातपाय काटकुळे आणि ताठ. डोळे मात्र मोठे होते आणि एक गोष्ट त्याला आवडायची. सोजराबाई दारात बसून ज्वारी पाखडायला लागली, की सुपाच्या आवाजानं त्याचे डोळे तिकडं वळायचे. तोंडाचा एक कोपरा वर जायचा. ते हसू होतं, असं चांगुणा म्हणायची. जळबानाना म्हणायचे, वात असेल. सोजराबाईनं वाद घातला नाही. ती पाखडलेली ज्वारी परत सुपात ओतायची आणि परत पाखडायची.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, चांगुणा पाण्याला गेली ती विहिरीवरच्या लिंबाखाली बसून राहिली. घागर भरलेली होती. पाजायची वेळ झाली होती, हे तिला पोटातून कळत होतं. इतक्या दिवसांत ती वेळ तिच्या अंगातच वाजायची. तरी ती उठली नाही. मनात दुष्टावा नव्हता. मनात काहीच नव्हतं. पाय उचलत नव्हते. बाया आल्या, पाणी भरून गेल्या. मग एकजण म्हणाली, "चांगुणा, तुझं लेकरू रडू राहिलं," आणि ती उठली. घरी सोजराबाई सुगतला मांडीवर घेऊन बसली होती. पिचकारी हातात, पण धीर होत नव्हता. चांगुणानं टोक पाण्यात बुडवलं, बुडबुडे नाहीत हे बघितलं आणि दूध ओतलं.

शेषरावनं दुसरं लग्न केलं. आशाबाई भोकरकडची. पहिल्यांदा तिला नळीची शिसारी यायची. सुगतला पाजताना ती तोंड फिरवून बसायची. चांगुणाला तिचा राग आला नाही. ज्या घरात आपलं काही नाही तिथं बायको म्हणून येणं काय असतं, ते तिनं दुसऱ्या बाजूनं पाहिलं होतं. वर्षाच्या आत आशाबाई दूध गाळून द्यायला लागली. पिचकारीला मात्र तिनं कधी हात लावला नाही.

मग सुगतच्या छातीला लागलं. थंडी पडली की ताप, घरघर, हिंगोलीचा दवाखाना, सुया. बरा होऊन घरी आला की काही दिवसांत परत तेच. मग एका हिवाळ्यात तो दवाखान्यातून घरी आला ते नुसती कातडी आणि डोळे घेऊन आला. नाकाच्या आतली जागा नळीनं सोलून निघाली होती. नळी घालताना पूर्वी तो नुसता तोंड वाकडं करायचा. आता नळी दिसली की त्याचे डोळे भरायचे. त्याला कळत होतं.

पद्मजाबाई अजून तिथंच होत्या. लग्न झालं होतं, केस विरळ झाले होते. त्यांनी चांगुणाला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःही बसल्या.

"चांगुणाबाई, औरंगाबादला ऑपरेशन होतं. पोटालाच बारीक भोक पाडून नळी बसवतात. नाकातली काढता येईल."

"छाती बरी व्हईल?"

"त्रास कमी होईल कदाचित. थांबेल असं नाही. त्याची थुंकीच छातीत जातेय."

"भूल देत्याल त्याला?"

"हो."

"त्यातून उठंल का?"

"धोका आहे. खोटं नाही सांगत."

सुगत मांडीवर होता. त्याच्या श्वासाचा आवाज खोलीभर होता. चांगुणानं त्याच्या टाळूवरून हात फिरवला. आता तिला कोणी दारात उभं राहून बघत नव्हतं. शेषरावनं निघतानाच सांगितलं होतं, अक्का, तूच बघ. या खेपेला त्या बोलण्याचा तिला राग आला नाही.

"बाई, तवा तुमी इचारलं न् मी व्हय म्हणले," ती म्हणाली. "आता न्हाई म्हणते."

"थकलात म्हणून म्हणताय का?"

"व्हय. थकले म्हणूनबी. खोटं काहून बोलू?" तिनं पदरानं त्याच्या ओठाकडची लाळ टिपली. "पर त्योबी थकलाय. मला दिसू राहिलंय त्ये. औरंगाबाद त्याला काय माहीत? त्याला घर माहीत हाये."

पद्मजाबाईंनी उठून सुगतची छाती परत एकदा तपासली. खरं तर आत्ताच तपासली होती. "नाकातली नळी असू दे," त्या म्हणाल्या. "भुकेलं ठेवायचं नाही. ताप आला तर आणायचं का नाही, ते तुम्ही ठरवा. मी बोलावणार नाही आणि आलात तर परतही पाठवणार नाही."

ताप आला तो थंडी सरता सरता. चांगुणानं त्याला दवाखान्यात नेलं नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, दूध थोडं थोडं दिलं, तेही राहिना तेव्हा नुसतं पाणी. शेषरावला निरोप धाडला, तो आला. त्या दिवशी सकाळी अंगणात कोवळं ऊन होतं. चांगुणा त्याला घेऊन उन्हात बसली होती. घरघर चालली होती. मग मधली मधली जागा वाढत गेली आणि एका जागेनंतर पुढचा श्वास आला नाही. चांगुणा तशीच बसून राहिली, कारण या आधीही कितीदा तरी तो असा थांबून परत सुरू झाला होता.

मग तिनं आशाबाईला कोमट पाणी आणायला सांगितलं. फडकं भिजवून ती चिकटपट्टीवर धरून बसली. चिकटपट्टी भिजली, की कडेनं जरा सोडवायची, परत भिजवायची. कातडी ओढली जाऊ नये म्हणून रोज ती असंच करायची.

"अक्का," शेषराव म्हणाला, "आता हळू कशाला?"

तिच्या हातांना दुसरी रीत येत नव्हती. चिकटपट्टी निघाली, नळी निघाली. आशाबाईनं पुढं होऊन नळी तिच्या हातातून घेतली. आशाबाईनं नळीला हात लावला तो तेवढाच.

लेकराला पुरलं. जळबानानांनी वंदना म्हटली, म्हणता म्हणता मध्येच अडकले, परत सुरुवातीपासून म्हटली. घरी येताना ते चांगुणाच्या बरोबरीनं चालत होते. काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात असावं. घर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "झोप आता."

चांगुणा झोपली. कितीतरी दिवस ती नुसती झोपत होती. जेवायला उठवलं की उठायची, परत पडायची. पाजायच्या वेळेला मात्र आपोआप जाग यायची आणि हात चुलीकडं जायचा. सोजराबाई म्हणायची, "नीज बाई, नीज." लोक म्हणाले, सुटलं बिचारं. लोक म्हणाले, चांगुणा सुटली. तिला ते खोटं वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही. तिच्या मनात दोन शब्द होते, एक 'घाला' आणि एक 'न्हाई'. त्यातला कोणता बराबर होता, दोन्ही होते का एकही नव्हता, ते तिला उकललं नाही. उकलायला जी ताकद लागते ती तिच्यात उरली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात ती परत निंदायला जायला लागली. एका दुपारी शेतातून लौकर आली, तर दारात एक जोडपं बसलेलं. कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावरचं, नवऱ्याचं नाव प्रेमसिंग. बाईच्या ओढणीखाली लेकरू होतं. ओढणी जरा सरकली आणि चांगुणाला चिकटपट्टी दिसली. पद्मजाबाईंनीच त्यांना पत्ता दिला होता. डोंगरकड्याला एक बाई आहे, जाऊन भेटा.

चांगुणानं आधी चहा ठेवला. प्रेमसिंग बाहेर विडी ओढायला गेला. त्याची बायको चुलीपाशी सरकून बसली. तिचं वय मालनएवढं असावं.

"घर को ले जाऊं क्या नळी के साथ?" तिनं विचारलं. "सास बोलती, निकाल डालो. डॉक्टरबाई कुछ नहीं बोलती. तुमने क्या किया था?"

"मी ठेवली. मंग येक डाव न्हाई म्हणले."

"कौनसा सही था?"

चांगुणानं चहा गाळला. कप तिच्या हातात दिला. "मालूम न्हाई बाई," ती म्हणाली. "तुझं तूच बघ. मी सांगून काय उपेग? पाजणार तू, थकणार तू."

त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लांबून ती उत्तर न्यायला आली होती. चांगुणाला तिची कीव आली. तिनं लेकराला मांडीवर घेतलं. मुलगी होती, मऊ, जड. चिकटपट्टी कानाकडून ओढून लावली होती. चांगुणानं ती कोमट पाण्यानं सोडवली आणि गालाच्या खालच्या बाजूला, जिथं कातडी ओढत नाही, तिथं परत लावून दाखवली.

"खाना खाया?" तिनं विचारलं.

पोरीनं मान हलवली, नाही.

"सकाळपासून?"

"हां."

"असं करू नगं. ठेवली नळी, तरी करू नगं. काढली, तरी नगं." चांगुणानं टोपल्यातली भाकरी काढली, वर ठेचा ठेवला. "आधी तू खा. मंग तिला."

पोरगी खायला लागली. चांगुणा तिच्या लेकीला मांडीवर घेऊन थोपटत बसली. संध्याकाळच्या गाडीनं ती माणसं हिंगोलीकडं परतली. पुढं त्यांनी काय ठरवलं, ते चांगुणाला कळलं नाही. तिनं कोणाला विचारलंही नाही.